माफीची मुदत

१८५७ चा विषय निघाला की माळव्यातल्या आपल्या मराठी घरांत तीन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. झाशीच्या राणीसाहेबांचे शौर्य, तात्या टोपे यांची दौड आणि इंग्रजांनी घेतलेला सूड. तिन्ही खऱ्या आहेत. चौथी गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही, ती माफीची. त्या धामधुमीत माफी कोणाला मिळाली, कोणाला नाही, ती देण्याचा अधिकार कोणाकडे होता आणि तो कसा वापरला गेला, हे पाहू लागलो की त्या काळाचे वेगळेच चित्र समोर येते. त्या चित्रात आपले इंदूर बरेच ठळक आहे. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी हाच विषय घ्यावा असे आम्हाला वाटले.

इंदूरच्या तीन नोंदी

पहिली नोंद १० फेब्रुवारी १८५८ ची. अमझेऱ्याचे राजे बख्तावरसिंह यांना या दिवशी इंदूरच्या रेसिडेन्सीच्या आवारात फाशी देण्यात आले. आजच्या एम. वाय. रुग्णालयाच्या परिसरातले ते कडुलिंबाचे झाड आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. त्यांचे संस्थान जप्त होऊन पुढे शिंदे सरकारकडे गेले.

दुसरी नोंद त्याच वर्षाच्या नोव्हेंबरची. बांद्याचे नवाब अली बहादूर हे पहिल्या बाजीरावांच्या आणि मस्तानीच्या वंशातले. काल्पी आणि ग्वाल्हेरच्या लढायांत ते रावसाहेब पेशवे आणि तात्यांच्या बरोबरीने उभे होते. नोव्हेंबर १८५८ मध्ये ते इंग्रजांना शरण गेले. त्यांना फाशी झाली नाही. वर्षाला ३६,००० रुपये तनखा ठरवून त्यांना इंदुरात राहायला पाठवण्यात आले.

तिसरी नोंद १८७४ ची. १ जुलै १८५७ रोजी इंदूर रेसिडेन्सीवर जो हल्ला झाला, त्याचे पुढारी सआदत खान. सोळा-सतरा वर्षे ते सापडले नाहीत. सापडले तेव्हा बंड शमून एक पिढी लोटत आली होती, कंपनी सरकार जाऊन राणीचे राज्य आले होते. तरीही त्यांना इंदुरातच फाशी देण्यात आले.

गाव एकच आणि तिघांचे शत्रूही एकच. एकाला वधस्तंभ, दुसऱ्याला तनखा, तिसऱ्याला उशिराने पुन्हा वधस्तंभ. हा फरक कशाने पडला? पराक्रमाने नाही, आणि केवळ अपराधाच्या कमीजास्तपणानेही नाही. त्यात एका कागदाचा आणि त्या कागदावरच्या एका तारखेचा मोठा हात होता.

लेखणी कोणाच्या हाती होती

त्या वेळी हिंदुस्थानचे गव्हर्नर जनरल होते लॉर्ड कॅनिंग. फेब्रुवारी १८५६ मध्ये त्यांनी कलकत्त्यात कारभार हाती घेतला आणि सव्वा वर्षातच, १० मे १८५७ रोजी, मेरठला ठिणगी पडली. सुरुवातीला त्यांच्या सरकारने जे कायदे केले ते माफीचे नव्हते, शिक्षेचेच होते. मे महिन्याच्या अखेरीस आणि जूनमध्ये असे कायदे झाले की खास नेमलेले कमिशनर जागेवर खटला चालवून मृत्युदंड देऊ शकत, आणि त्यावर अपील नव्हते. सनदी अधिकारी, लष्करी अधिकारी, काही ठिकाणी खासगी गोरे लोकही न्यायासनावर बसू लागले. कर्नल नील यांच्या तुकडीने वाराणसी आणि अलाहाबादकडे जे केले ते प्रसिद्ध आहे. हमरस्त्यालगतची गावे जाळली गेली, रस्त्याकडेच्या झाडांना माणसे टांगली गेली. त्यात शिपाई किती आणि साधे शेतकरी किती, याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

हे वृत्तांत कलकत्त्यास पोहोचू लागले तेव्हा कॅनिंग यांच्या ध्यानात आले की आपण दिलेला अधिकार हाताबाहेर चालला आहे. ३१ जुलै १८५७ रोजी त्यांच्या कौन्सिलने एक ठराव काढला. आजच्या आमच्या भाषेत सांगायचे तर ते सनदी अधिकाऱ्यांसाठी काढलेले परिपत्रक होते. ज्या पलटणीने बंड केलेले नाही, तिचा शिपाई विनाशस्त्र सापडला तर त्याला पळपुटा म्हणून फासावर चढवू नये. ज्या पलटणीने बंड केले पण आपल्या अधिकाऱ्यांचे खून केले नाहीत, तिचा निःशस्त्र शिपाई पुढच्या चौकशीसाठी पाठवावा. ज्या पलटणीने खून केले, तिच्यातला एखादा माणूस आपण तेथे नव्हतो किंवा आपण खून टाळायचा यत्न केला असे दाखवू शकला, तर आधी सरकारला कळवावे. सरसकट गावे जाळू नयेत. एवढाच काय तो मजकूर.

सरकारी नोकरीत वीसेक वर्षे काढलेल्या आमच्यासारख्यांना या ठरावात एक गोष्ट विशेष जाणवते. यात कोठेही 'दया' म्हणून काही देऊ केलेले नाही. माणसांचे वर्ग पाडा, कोण काय करत होता ते विचारा, आणि शंका असेल तर वरिष्ठांना विचारल्याखेरीज प्राण घेऊ नका, इतकेच म्हटले आहे. शांततेच्या काळात हे कोणत्याही कचेरीचे साधे काम. युद्धाच्या काळात मात्र तेवढ्यावरूनच गदारोळ उठला.

'दयाळू कॅनिंग'

कानपूरला बिबीघरात इंग्रज स्त्रिया आणि मुले मारली गेल्याची बातमी त्याच सुमारास सगळीकडे पसरली होती. लंडनची वर्तमानपत्रे सूड मागत होती. अशा वेळी हा ठराव तेथे छापून आला. कॅनिंग यांना 'क्लेमन्सी कॅनिंग', म्हणजे दयाळू कॅनिंग, असे नाव पडले. ते कौतुकाचे नव्हते, ती शिवी होती. ऑक्टोबर १८५७ मध्ये 'पंच' या लंडनच्या विनोदी साप्ताहिकाने व्यंगचित्र छापले, त्यात कॅनिंग एका रक्तरंजित शिपायाची लहान मुलासारखी समजूत घालताना दाखवले होते. कलकत्त्याच्या गोऱ्या रहिवाशांनी तर त्यांना परत बोलवावे म्हणून थेट राणीकडे अर्ज केला. कॅनिंग यांनी वर नेमलेले अधिकारी जॉन पीटर ग्रँट यांनी कानपुरात नील यांनी पकडलेले दीडशे बंडखोर सोडून दिले, अशीही बातमी पसरली. ती साफ खोटी निघाली, पण खोटी ठरेपर्यंत लोक ती खरी धरून बसले होते.

कॅनिंग यांना देवमाणूस ठरवण्याचा आमचा हेतू मुळीच नाही. याच माणसाने मार्च १८५८ मध्ये अवधचा जाहीरनामा काढला आणि पाच-सहा तालुकदार सोडून सगळ्या प्रांतातल्या जमिनीवरचा मालकी हक्क सरकारजमा केला. तोही इतका कडक होता की सर जेम्स औटराम यांच्यासारख्या लष्करी माणसाने तो सौम्य करायला लावला आणि विलायतेत लॉर्ड एलनबरो यांनी त्यावर जाहीर टीका केली. त्या टीकेपायी एलनबरो यांनाच मंत्रिपद सोडावे लागले. म्हणजे कॅनिंग यांच्या एकाच लेखणीतून फाशी आवरणारा ठरावही निघाला आणि हजारोंच्या जमिनी काढून घेणारा जाहीरनामाही. त्यांना राज्य टिकवायचे होते. माफी हे त्यांच्या दृष्टीने राज्य टिकवण्याचे एक साधन होते. पण ज्यांना नुसता सूड हवा होता त्यांना हेही कळत नव्हते, आणि त्यांच्यापुढे हा माणूस नमला नाही, एवढे श्रेय त्याला द्यायला हवे.

१ नोव्हेंबर १८५८

बंड जवळजवळ मोडले तेव्हा खरा माफीनामा आला. कंपनीचे राज्य संपून राणीचे राज्य सुरू झाल्याचा जाहीरनामा १ नोव्हेंबर १८५८ रोजी अलाहाबादेत कॅनिंग यांनी स्वतः वाचला. देशभर ठिकठिकाणी तो वाचला गेला आणि देशी भाषांत त्याची भाषांतरे झाली. धर्मात ढवळाढवळ करणार नाही, संस्थानिकांचे करार पाळू, ही त्यातली वचने आपण शाळेत शिकतो. शेवटचा भाग शिकत नाही, तो माफीचा आहे.

त्यात तीन पायऱ्या होत्या. ब्रिटिश प्रजाजनांच्या खुनात प्रत्यक्ष भाग घेतल्याचे ज्यांच्यावर शाबीत होईल, त्यांना माफी नाही. ज्यांनी जाणूनबुजून खुन्यांना आसरा दिला किंवा जे बंडाचे पुढारी, चिथावणी देणारे होते, त्यांना फक्त प्राणाची हमी, बाकी शिक्षा परिस्थिती पाहून. उरलेल्या सगळ्यांना, घरी परतून शांतपणे कामाला लागल्यास, बिनशर्त माफी. आणि अखेरीस मुदत: १ जानेवारी १८५९ पूर्वी या अटी पाळणाऱ्यांनाच हा लाभ मिळेल. जाहीरनामा वाचल्यापासून बरोबर दोन महिने.

आता याच दोन महिन्यांत आपली माणसे कोठे होती ते पाहू. ऑक्टोबर १८५८ च्या अगदी शेवटी तात्या टोपे आणि रावसाहेब यांनी नर्मदा ओलांडली. म्हणजे तिकडे अलाहाबादेत माफीनामा वाचला जात होता त्याच सुमारास पेशव्यांचे निशाण नर्मदेच्या दक्षिणेला पोहोचले होते. दक्षिणेत मराठी मुलूख उठेल ही त्यांची आशा होती, ती फळली नाही. मग ते खरगोणवरून पश्चिमेला, बडोद्याच्या रोखाने निघाले. १ डिसेंबरला छोटा उदेपूरला त्यांचा पराभव झाला. तेथून बांसवाड्याच्या जंगलात, तेथून राजपुतान्यात. मागे एक सोडून अनेक इंग्रजी तुकड्या. जानेवारीची पहिली तारीख उगवली तेव्हा ते पळतच होते.

याच धावपळीत नोव्हेंबरमध्ये बांद्याचे नवाब बाजूला झाले आणि शरण गेले. जाहीरनाम्याची शाई वाळण्याआधी ते मुदतीत बसले. जून १८५७ मध्ये त्यांनी बांद्यात काही पळून आलेल्या युरोपियनांना आश्रय दिला होता, तेही त्यांच्या पारड्यात पडले असणार. बख्तावरसिंहांना असा कागदच मिळाला नाही, कारण त्यांची फाशी जाहीरनाम्याच्या आधी नऊ महिने झाली होती. सआदत खानांवर रेसिडेन्सीतल्या हत्यांचा ठपका होता, म्हणून त्यांना पहिल्याच पायरीवर दार बंद होते. इंदूरच्या तीन नोंदींचे कोडे असे सुटते.

कागदावर विश्वास कोणाचा

तात्या आणि रावसाहेब नवाबांबरोबर का गेले नाहीत? नुसता शूरपणा म्हणून सोडून देण्यासारखा हा प्रश्न नाही. माफीनाम्याला किंमत येते ती देणाऱ्याच्या शब्दावर घेणाऱ्याचा विश्वास असेल तरच. पेशव्यांच्या घराने कंपनीचा शब्द पाहिलेला होता. दुसऱ्या बाजीरावांना वर्षाला आठ लाखांचा तनखा ठरला होता. १८५१ मध्ये ते वारल्यावर दत्तक पुत्र नानासाहेबांना तो नाकारण्यात आला. अर्ज विलायतेपर्यंत गेले, उपयोग झाला नाही. अशा घराला १८५८ मध्ये दुसरा कागद दाखवला तर त्यांनी तो डोळे मिटून कसा घ्यावा?

एप्रिल १८५९ मध्ये नेपाळच्या सरहद्दीकडून खुद्द नानासाहेबांनी इंग्रजांना पत्र पाठवले. सगळ्यांचे गुन्हे माफ केलेत, मग मलाच का नाही, बायकामुलांच्या हत्येशी माझा संबंध नव्हता, असा त्यांचा मुद्दा होता. मेजर रिचर्डसन यांनी कळवले की जाहीरनामा सर्वांना लागू आहे, त्यातल्या अटींवर या. नानासाहेबांना तेवढे पुरेसे वाटले नाही. राणीच्या मोहोरेचे पत्र हवे असा त्यांचा आग्रह राहिला. ते पत्र आले नाही, आणि नानासाहेबही आले नाहीत. हा पत्रव्यवहार वाचताना दोन्ही बाजू जणू एका खिडकीच्या आत-बाहेर उभ्या आहेत असे वाटते. आतला म्हणतो नियम लिहिलेला आहे, बाहेरचा म्हणतो तुमच्या नियमाने मी आधीच एकदा बुडालो आहे.

तात्यांना पकडून देणारी गोष्टही माफीचीच आहे. नरवरचे मानसिंह हे जयाजीराव शिंद्यांशी वारशावरून भांडून बंडात गेलेले सरदार. २ एप्रिल १८५९ ला ते मेजर मीड यांच्याकडे शरण आले, प्राणाची हमी घेऊन. पाच दिवसांनी, ७ एप्रिलच्या रात्री, त्यांच्याच भरवशावर पाडोनच्या जंगलात झोपलेले तात्या पकडले गेले. एकाच्या माफीची किंमत दुसऱ्याच्या प्राणाने चुकती झाली.

१५ एप्रिलला शिप्रीला, म्हणजे आजच्या शिवपुरीला, लष्करी न्यायालय बसले. आरोप होता ब्रिटिश सरकारविरुद्ध बंड करून युद्ध केल्याचा, विशेषतः झाशी आणि ग्वाल्हेर येथे. कानपूरच्या हत्यांचा आरोप त्यांच्यावर ठेवलेला नव्हता. तात्यांनी जबाबात सांगितले की मी माझ्या धन्याचा, नानासाहेबांचा, हुकूम पाळला. कोणा युरोपियन पुरुषाच्या, स्त्रीच्या वा मुलाच्या हत्येशी माझा संबंध नाही. १८ एप्रिलला त्यांना फाशी देण्यात आले. खटला सुरू होण्यापासून फाशीपर्यंत तीन दिवस.

आता हा आरोप जाहीरनाम्याच्या पायऱ्यांशी ताडून पाहा. खुनाचा आरोप नाही, म्हणजे पहिली पायरी नाही. पुढारी होते, म्हणजे दुसरी पायरी, म्हणजे प्राणाची हमी. हेच तात्या ३१ डिसेंबरपूर्वी हजर झाले असते तर जाहीरनाम्याच्या अक्षरानुसार त्यांचा प्राण घेता आला नसता. साडेतीन महिन्यांत त्यांचा अपराध वाढला नव्हता, फक्त तारीख उलटली होती. पुढे मॅलेसन या इंग्रज इतिहासकारानेही ही फाशी न्याय्य होती का, असा प्रश्न विचारला. पेशव्यांच्या चाकरीत वाढलेला हा माणूस इंग्रजांचा जन्माचा नोकर नव्हता, त्याने कोणाशी द्रोह केला, असा त्याचा रोख होता. शत्रूच्या इतिहासकाराला जे सुचले ते शिप्रीच्या न्यायालयाला सुचले नाही.

रावसाहेबांनी बोलणी करून पाहिली, पण ती जमली नाहीत. यात्रेकरूच्या वेषात ते फिरत राहिले. १८६२ मध्ये जम्मूच्या बाजूला पकडले गेले आणि त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये कानपुरात त्यांना फाशी झाली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये कॅनिंग लंडनला वारले होते. तोवर 'दयाळू कॅनिंग' ही शिवी राहिली नव्हती, लोक आदराने तेच नाव घेऊ लागले होते. नाव बदलले तरी तात्या आणि रावसाहेबांसाठी काही बदलले नाही.

आपल्यासाठी यात काय आहे

आज क्षमादानाचा अधिकार राज्यघटनेत लिहिलेला आहे. अनुच्छेद १६१ ने तो राज्यपालांना दिला, अनुच्छेद ७२ ने राष्ट्रपतींना. लष्करी न्यायालयाने दिलेल्या शिक्षेत मात्र राज्यपालांना हात घालता येत नाही, तो अधिकार राष्ट्रपतींचाच. म्हणजे तात्यांसारखा खटला आज झाला तर दयेचा अर्ज दिल्लीला जाईल. हे अनुच्छेद वाचताना एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे: त्यांत मुदत घातलेली नाही. क्षमा कधीपर्यंत मागता येईल याची शेवटची तारीख घटनाकारांनी लिहिली नाही. मुदतीनंतर आलेला कागद परत करणे हे आमच्या कचेरीतले रोजचे काम आहे, त्यामुळे ही मोकळी सोडलेली जागा किती मोठी आहे हे आम्हाला जरा जास्तच कळते.

आणखी एक गोष्ट, थोडी घरातली. आपल्यापैकी बहुतेक कुटुंबे होळकर, शिंदे, पवार किंवा गायकवाडांच्या चाकरीत इकडे आली. १८५७-५८ मध्ये यांतले बहुतेक दरबार इंग्रजांच्या बाजूने राहिले. ग्वाल्हेरचे दिवाण दिनकरराव राजवाडे मराठीच, आणि त्यांच्या महाराजांना आग्र्याला पळायला लावणारे तात्याही मराठीच. आपल्या पणज्या-खापरपणज्यांत तात्यांना वाट दाखवणारे असतील, तसेच त्यांच्या वाटेची खबर वर कळवणारेही असतील. जयंतीला आपण तात्यांचा फोटो लावतो आणि दुसऱ्या बाजूच्या पूर्वजांबद्दल गप्प बसतो, किंवा दुसऱ्याच्या घराण्याबद्दल हळूच बोलतो. दीडशेहून अधिक वर्षे झाली. त्या माणसांनाही पोटे होती, मुले होती, धन्याशी इमान होते. मानसिंहासारखी फसवणूक वेगळी आणि दरबाराची साधी नोकरी वेगळी, एवढा फरक तरी आपण करायला हवा. ३१ जुलैच्या त्या ठरावात कॅनिंग यांनी परक्या शिपायांच्या बाबतीत जो फरक करायला सांगितला, तो आपण आपल्याच पूर्वजांच्या बाबतीत करू नये, हे बरे नाही.

दहाव्या दिवशी उत्तरपूजेत आपण गणरायाकडे पूजेत राहिलेल्या उणिवांची क्षमा मागतो. कोणती चूक, किती दिवसांपूर्वीची, अर्ज वेळेत आला की नाही, हे तेथे कोणी विचारत नाही. राज्य चालवणाऱ्यांना तितके मोकळे राहता येत नाही, त्यांना वर्ग पाडावे लागतात आणि तारखा घालाव्या लागतात, हे आम्ही जाणतो. पण युद्धाच्या दिवसांत ज्याच्या हाती लेखणी असते त्याने तारीख घालताना एवढे पाहावे की जो पळतो आहे त्याच्यापर्यंत कागद पोहोचेल का, आणि पोहोचला तर तो त्यावर विश्वास ठेवील का. शिवपुरीला तात्यांच्या स्मारकापुढे उभे राहिलात तर १८ एप्रिल आठवालच, त्याबरोबर १ जानेवारीही आठवा.